तनयाच्या हातावरच्या शिरा

सगळा घोळ फोटोग्राफरने घातला. साखरपुड्याला अंगठ्या घालून झाल्या, पेढे भरवून झाले, म्हाताऱ्यांच्या पाया पडून झालं, तर हा बाप्या म्हणतो, आता फक्त हात. नवऱ्याचा तळहात खाली, नवरीचा वर, मागे अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. आणि कॅमेरा इतका जवळ नेला की अंगठी राहिली बाजूला, तनयाच्या हातावरच्या शिराच फोटोत आल्या. मनगटापासून बोटांपर्यंत, हिरव्यानिळ्या, टरारून वर आलेल्या. एकही सुटली नाही.

फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर पडला. पंचवीस जणांनी लाल बदाम टाकले. सव्विसावा संदेश पेडण्याहून नवऱ्याच्या आतेचा, शालिनीबायचा होता. ‘हात असे का? वय सत्तावीसच ना? काही दुखणंबिखणं?’ आणि पुढे नमस्कार करणारे दोन पिवळे हात. त्या पिवळ्या हातांवर मात्र एकही शीर नव्हती.

तेव्हापासून गंगाची झोप उडाली.

गंगा म्हणजे तनयाची आई. माहेर दोडामार्गकडचं, लग्न होऊन मुळगावात आली त्याला आता तीस वर्षं होतील. नवरा सगुण खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. खाणी चालू होत्या तेव्हा ट्रक, बंद पडल्या तेव्हा लोकांच्या बागा शिंपणं, आता परत ट्रक. मुलगी एकच. तीही कशी, तर डिचोलीच्या अग्निशमन केंद्रात. पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन धावणारी, दोर लावून विहिरीत उतरणारी, तिथून कधी गाय तर कधी माणूस वर काढणारी. लोक तोंडावर शाबासकी देत आणि सोयरिकीचं नाव काढलं की चपला शोधत. एक स्थळ म्हणालं, आगीत जाणारी सून नको. दुसरं म्हणालं, नोकरी सोडणार असेल तर बघू. सरकारी नोकरीवाला जावई मिळावा म्हणून हेच लोक देवाला कौल लावतात. पण तीच नोकरी मुलीने केली तर तिच्या अंगाला धुराचा वास येतो ह्यांना.

मग गौरेश आला. पेडण्याचा, वीज खात्यात लाइनमन. गेल्या श्रावणात त्याची नेमणूक डिचोलीला होती. तारांवर माड पडला, तो कापायला ही करवत घेऊन आली आणि तार सोडवायला तो खांबावर चढला. पहिली भेट अशी, तो वर आणि ती खाली. त्यानंतर कोण कोणाच्या पायरीवर उतरलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण गणपतीत तो मोदक खायला घरी आला आणि दिवाळीत लग्नाचं विचारायला.

एकच गोष्ट त्याने गंगाला तोंडावर सांगितली होती. त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली. आते शालिनी लग्न होऊन दोन घरं सोडून दिलेली. तिने आपलं घर सांभाळून भावाचंही घर चालवलं आणि ह्याला वाढवलं. "आतेचां मन नसलां तर मी लग्न करूचंय नाय," तो म्हणाला होता. "तिका दुखवन माका घरात अन्न गोड लागाचां नाय."

म्हणजे सगळं लग्न शालिनीबायच्या मानेवर. ती हलली आडवी की संपलं.

महिनाभर गंगाने काय काय केलं ते सांगायला बसलं तर ती दुसरी गोष्ट होईल. शेजारची शांता म्हणाली, अंगात चरबी नाही म्हणून शिरा दिसतात. झालं. भाकरीला तूप, पेजेला तूप. एकदा तर चहात घालायला निघाली होती. ड्युटीवरून आलेली पोर म्हणायची, "आई, आग लागली की मी धावायचं की घरंगळायचं?" कोणी सांगितलं, रक्त पातळ झालं की शिरा वर येतात. मग रोज बीट. दुसऱ्या कोणी सांगितलं, दाट झालं की येतात. मग बीट बंद. साय चोळून झाली, चंदन लावून झालं. शेवटी साखळी गावच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्याने दंडावर पट्टा आवळला आणि तनयाच्या हाताकडे बघतच राहिला.

"काय सुंदर शिरा आहेत! रक्तदान करतेस की नाही?"

"वर्षातून तीनदा."

"शाब्बास. आजार काहीही नाही. अंगमेहनतीचं काम, कातडीखाली चरबी कमी, त्यात हा मे महिना. दिसणारच."

ज्या डॉक्टरने औषध लिहून दिलं नाही त्याला गंगाने मनातल्या मनात वेड्यात काढलं आणि घरी येऊन परत तूप कढवलं.

सगुणला ह्या सगळ्याची मजा वाटायची. संध्याकाळी लुंगी गुडघ्यावर घेऊन तो कदेलावर बसायचा. कदेल म्हणजे त्यांच्या घरातली ती जुनी लाकडी खुर्ची. वीस वर्षं क्लच दाबून त्याच्या डाव्या पोटरीवर शिरांचे वेढेच्या वेढे उठले होते, गांडुळं चिकटवल्यासारखे.

"गंगा, हंय बघ. ही डिचोली. हंयसून ट्रक सुटलो. ही न्हंय, हंय काठार माल बार्जीत भरलो. आणि ह्यो घोट्याकडे काळो डाग दिसता मां? तां मुरगाव बंदर."

"तुमचे पाय कोण बघता?"

"ताच म्हणतंय मी," सगुण म्हणायचा आणि हसायचा. कोणी बघत नव्हतं हे खरंच होतं.

लग्न रविवारी. चुडा भरायचा बुधवारी. नवरीच्या हातात हिरव्या काचेची काकणं चढवायची, आणि जमलेल्या बायकांच्याही हातात घरच्यांनी भरायची, अशी रीत. त्यासाठी काकणकार घरी येतो. डिचोलीच्या बाजारातला बाबाजी हा गंगाच्या घरचा ठरलेला. त्याला सांगायला ती आठवड्याआधी त्याच्या दुकानात गेली, तारीख सांगितली, आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून हळूच म्हणाली, "बाबाजी, तुमी इतके हात बघितल्यात. शिरो लपवची काय तरी युक्ती असतली मां?"

बाबाजी सत्तरीचा. तोंडात पान. "पन्नास वर्सां परक्या बायकांचे हात धरतंय," तो म्हणाला, "आणि घरच्या बायलेन आजून घराभायर काढूक नाय. म्हंजे हातांतलां माका काय तरी कळत असतलां. रोड हाताच्यो शिरो दिसतत. गोऱ्या हाताच्यो दिसतत. कामकरी हाताच्यो दिसतत, म्हाताऱ्या हाताच्यो दिसतत. ज्येच्यो खंयच दिसनत नाय, तो हात फुडे इलो की माका घाम फुटता. थंय मासच मास, हाड सापडना."

"ता माका सांगू नकात. युक्ती सांगा."

"हात खाली सोड बघू."

गंगाने सोडला. अर्ध्या मिनिटात तिच्या हातावर शिरा उठल्या. धुणीभांडी, शेण, चूल, तीस वर्षांचं सगळं त्या हातावर होतं; तिने कधी बघितलंच नव्हतं.

"आता वर कर. डोक्याच्या वर."

तिने केला. आणि बघता बघता शिरा बसल्या. जादू झाल्यासारखी गंगा स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. वर, खाली. वर, खाली. शेजारचा भाजीवाला तिच्याकडे बघू लागला, त्याला वाटलं बाई बस थांबवतेय.

"पाणी उतारान जाता, तसां ह्या," बाबाजी म्हणाला. "चेडवाचे हात वर ठेव. मी इलंय की लगेच काकणां चढयतंय. मनगट झाकला की अर्धां काम झालां. उरलेला तुझां नशीब."

बुधवार उजाडला तो घाम घेऊनच. दहा वाजता गंगाने तनयाला आतल्या खोलीत उभी केली आणि दोन्ही हात कपाटावर ठेवायला लावले.

"आई, मला अटक झालीय का?"

"गप उभी रव."

"किती वेळ?"

"शालिनीबाय बघीपर्यंत."

"आणि रविवारी? मंगळसूत्र घालताना मी हात वर करून उभी राहू? भटजी म्हणतील, मुलगी शरण आली."

"तनया, माझ्या मानेची शपथ आसा तुका," गंगा म्हणाली, आणि तिचा आवाज असा फाटला की पोर चेष्टा थांबवून खरंच उभी राहिली. गौरेश तिलाही हवाच होता. तेवढ्यासाठी अर्धा तास कपाट धरून राहणं तिला परवडत होतं.

साडेदहाला पेडण्याची गाडी आली. शालिनीबाय उतरली. साठीची, गोरीपान, भरलेली, मे महिन्यात रेशमी नेसलेली. हात असे की मळून झाकून ठेवलेला मैदा. ओटीचं ताट आणलेलं, हिरवी साडी आणलेली, बोलायला जीभ आणलेली. पंख्याखालची जागा तिने स्वतःच पसंत केली. बाबाजी चटईवर काकणांचे जुडगे सोडत होता, त्याच्याकडे बघून म्हणाली, "सांभाळून हां. आमच्या घराण्यात चुड्याच्या दिवशी काकण वाढलां, तर मुहूर्त फुडे ढकलतत. माझ्या मावसभयणीचो तीन म्हयने ढकललेलो."

वाढलं म्हणजे फुटलं. फुटलं म्हणायचं नसतं. गंगाने चटईवरची काकणं नजरेनेच मोजली. आता शिरा एक आणि हे एक.

"माझ्या हातान आजून एकय वाढूक नाय," बाबाजी म्हणाला आणि पानाची पिचकारी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बाहेर टाकली.

तनया बाहेर आली. दोन्ही हात छातीच्या वर धरलेले, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे. हात स्वच्छ. गुळगुळीत. एक शीर नाही. शालिनीबायने वरपासून खालपर्यंत बघितलं, मासळीबाजारात बांगड्याचा कल्ला उघडून बघतात तसं, आणि मान हलवली. उभी.

गंगाच्या जिवात जीव आला. इतका आला की तोंडातून नेहमीचं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"पाया पड गो आतेच्या."

बोलली आणि जीभ चावली. पण मोठं माणूस समोर आलं की पोरीला हेच सांगायचं, ही सवय इतकी मुरलेली की मेंदूला विचारायची गरजच पडत नाही. तनयाने आईकडे एकदा बघितलं, म्हणजे अगदी नीट बघितलं, आणि वाकली. हात गेले खाली.

तरीही चटकन उठली असती तर निभावलं असतं. पण शालिनीबायचा आशीर्वाद म्हणजे काय दोन शब्दांचा असतो? तिने डोक्यावर हात ठेवला आणि पेडण्याच्या भगवतीपासून सुरुवात केली. डिचोलीची शांतादुर्गा झाली. मुळगावची केळबाय झाली. मग गौरेशच्या आईची आठवण निघाली, पदराने डोळे पुसून झाले, मग घराण्याचे मूळपुरुष आले. आणि तेवढा सगळा वेळ तनया वाकलेली, हात लोंबकळत, आणि मे महिन्याचं सगळं गरम रक्त उताराला लागलेलं. गंगा बघत होती. एक शीर उठली. दुसरी उठली. मूळपुरुषांपर्यंत पोचेतो पूर्ण हात फोटोतल्यासारखा.

"ऊठ गो बाय," शालिनीबाय म्हणाली, हात धरला, आणि थांबली. "ह्या काय?"

तिने तनयाचा पंजा उलटासुलटा करून बघितला.

"आत्ता नसले, आत्ता खंयसून इले? गंगावयनी, चेडवाक काय होता तां खरां सांगा हां. मागीर कळलां तर चलूचां नाय. हे काय बायलमानशाचे हात? माझो बघ." तिने आपला हात सगळ्या बायकांसमोर फिरवला. "एक शीर दाखव. एकच दाखव. माका साठ पुरी झाली, पण हात लग्नात होतो तसोच. सव्वादोन इंचाचां काकण गेलेलां माका."

"तेव्हा," बाबाजी म्हणाला. "आता अडीचाचां लागतलां. पावणेतीन म्हटलां तरी पाप नाय."

"तू आपलां काम कर."

बाबाजीने केलं. तनयाचा पंजा हातात घेतला, अंगठा आत दुमडला, दाबत दाबत अडीचाची एकेक चढवली. "बघा," तो पुटपुटला, "हाड हाताक लागता, काकण आपल्या पायान चलत जाता." डाव्या हाताचा चुडा पाच मिनिटांत झाला. बायका ओवी धरायच्या बेतात होत्या. गंगा भिंतीला टेकून उभी होती आणि मनात रविवारचं जेवण, मांडव, पत्रिका सगळं एकेक करून गुंडाळत होती. सगुण दारात. कोणाचंही लक्ष शालिनीबायकडे नव्हतं.

आणि हीच तिला नको असलेली गोष्ट. तिने मोरीवर जाऊन हाताला साबण लावला, बाबाजीच्या मागून सव्वादोनाचं एक काकण उचललं, आणि दात आवळून आपलं आपण चढवलं. बोटांच्या सांध्यांवरून गेलं. अंगठ्याच्या मुळाशी रुतलं. पुढे जाईना. मागे येईना.

"आई गे."

सगळ्या वळल्या. शालिनीबायने जोर लावला तसा हात आणखी सुजला. बाबाजीने चष्मा सारखा केला, बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "ह्या आता फोडूक होयां."

"फोडूचां नाय!"

"मगे काय रविवारपर्यंत अशीच बसतलात?"

"आज चुड्याचो दिवस! माझ्या हातातलां वाढलां तर मुहूर्त..." आणि मग तिचं तिलाच आठवलं की हा नियम तासापूर्वी कोणी सांगितला.

हात आता बघण्यासारखा झाला होता. बोटं लाल, मग जांभळट. आणि त्या मळलेल्या मैद्यावर, काकणाच्या पुढे, शिरा उठल्या. एक, दोन, चार. फुगलेल्या, निळ्या, गाठीगाठींच्या. शांताने पदर तोंडात कोंबला. गंगालाही पहिला क्षण गोडच लागला, खोटं कशाला बोला. दुसऱ्या क्षणी तिला कळलं की ह्याचंही खापर आपल्याच घरावर फुटणार.

तनया उठली. डावा हात चुड्याने भरलेला, उजवा रिकामा.

"आते, खाली बसा. हात वर करा. माझ्या खांद्यावर ठेवा, आणखी वर. शांतामावशी, फ्रीजमधलं पाणी आणा. बाबा, माझ्या ड्युटीच्या बॅगेत क्रेपची पट्टी आहे. घाबरू नका आते, महिन्यात दोन तरी अंगठ्या आम्ही अशाच काढतो. गेल्या महिन्यात एका माणसाचं डोकं हंड्यातून काढलं."

"हंड्यात कित्याक घातल्यान?" दुखत असूनही शालिनीबायने विचारलं.

"तुम्ही कित्याक घातलात?"

शालिनीबायने हात सोपवला. बोटं थंड पाण्यात भिजवली, हात वर, तनया त्या बोटांच्या टोकांपासून काकणापर्यंत पट्टी घट्ट गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता बोलत होती, माणूस घाबरलेलं असलं की त्याच्याशी बोलत राहायचं, हे तिला शिकवलेलं.

"रक्त हाताकडे येतं ना, ते खोलातल्या नळ्यांतून येतं, जोरात. काकणाने ते अडलं नाही. परत जातं ते ह्या वरच्या शिरांतून. त्या कातडीच्या लगेच खाली आणि पातळ. त्यांचीच वाट काकणाने दाबली. येणारं येतंय, जाणारं अडलंय. म्हणून फुगल्या."

"पण माका शिरोच नसल्यो."

"शिरा नसत्या तर आते, तुमचं तेरावं-चौदावं जेवून आम्ही कधीच मोकळे झालो असतो. आहेत. चरबीच्या गोधडीखाली झोपल्यात. माझ्याकडे गोधडी पातळ. दोर ओढून स्नायू मोठे झाले, ते शिरांना खालून वर ढकलतात. गरम झालं की शिरा आणखी रुंद होतात, अंगातली उष्णता बाहेर टाकायला. बस, एवढंच माझं दुखणं."

"आणि निळो रंग? रगत बिघाडल्याशिवाय?"

"रक्त लालच. उजेडातला लाल रंग आत जाऊन आतच मुरतो, निळा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो. पाहिजे तर टोचून दाखवते."

"नको, नको."

"आणि दिसतात म्हणून आजार नसतो. दुखतात, सुजतात, घोट्याकडे कातडी काळी पडते, तो आजार. तसा एक पाय ह्या घरात आहे. पण त्याचं लग्न ठरलेलं नाही म्हणून महिनाभर कोणी त्याला डॉक्टरकडे नेला नाही."

दारातल्या सगुणने लुंगी घोट्यापर्यंत खाली सोडली. गंगाने त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

दहा मिनिटांनी तनयाने पट्टी सोडली. सूज बरीच उतरलेली. प्लास्टिकची पातळ पिशवी तिने काकणाखालून सरकवली, त्यावर खोबरेल ओतलं, पिशवीची कड उलटी धरली आणि मागे ओढत आली. शालिनीबायने डोळे मिटले, भगवतीचं नाव घेतलं, ह्या खेपेला थोडक्यात. काकण टुणकन सुटून चटईवर पडलं आणि गडगडत बाबाजीच्या गुडघ्याला लागून थांबलं. अख्खं.

"वाढूक नाय," बाबाजीने उचलून उजेडात धरून बघितलं. तो जास्त काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

तनयाचा उजवा हात भरून झाला, बाकीच्या बायकांचे झाले, आणि पानं वाढली. शालिनीबाय मुकाट जेवायला बसली. धन्यवाद वगैरे शब्द तिच्या तोंडाला माहीत नव्हते, आणि ते शिकायला आजचा दिवस तिला योग्य वाटला नसावा. दोन घास खाल्ल्यावर मात्र मूळ स्वभाव परत आला.

"गंगावयनी, एक सांगू? रविवारासाठी मेंदी दाट काढा. हाताची पाठ सगळी भरून. शिरो तेवढ्यो झाकतल्यो. आमची मानसां येतली, बोलतली."

गंगा डाळीचं भांडं घेऊन वाढत होती. ती थांबली.

"झाकूच्यो नाय," ती म्हणाली.

"काय?"

"झाकूच्यो नाय म्हणतंय. महिनोभर मी तिका तूप चारलंय, साय फासलंय, सकाळी कपाटाक टांगून ठेवलंय. माझां चुकलां. शालिनीबाय, त्या हातांनी ती विहिरीतसून माणसां काढता. आत्ताच तुमचो हात काढल्यान. शिरो दिसतल्यो. लग्नात दिसतल्यो, फुडेय दिसतल्यो. ज्येका बघवत नाय तेणां तिच्या तोंडाकडे बघूचां."

बोलून झालं आणि गंगाने डाळीचं भांडं छातीशी धरलं. सगुणचा घास तोंडातच. तनया, कोपरापर्यंत हिरवी, आईकडे अशी बघत होती जशी ती बाई तिला आजच भेटली. तीस वर्षांत ह्या घरात पाहुण्याला कोणी असं बोललं नव्हतं, आणि बोललं ते नेमकं त्या एका माणसाला, ज्याच्या मानेवर सगळं लग्न होतं.

शालिनीबायने घास चावला. गिळला. भाताचं आळं केलं. लाल झालेला हात जरा झटकला, बोटं उघडली, मिटली, त्यांच्याकडे बघितलं.

"गंगावयनी."

"काय?"

"ह्या फणसाच्या भाजयेक मीठ कमी पडलां हां. रविवारी असां नको. शंभर मानसां जेवतली आमची."

गंगाने डाळीचं भांडं खाली ठेवलं, आत जाऊन भाजी चाखली. मीठ बरोबर होतं. तिने चिमूटभर घेतलं आणि वाढायला बाहेर आली.